दत्तात्रेय रामचंद्र कापरेकर : अंकांची माळ लावता लावता ६१७४ पर्यंत पोहोचलेले शाळामास्तर



चार अंक दिलेले असतात. ते एकेकदा वापरून मोठ्यात मोठी संख्या तयार करा, लहानात लहान संख्या तयार करा आणि दोघींतला फरक काढा. हा प्रश्न तुम्ही शंभर वेळा फळ्यावर लिहिला असेल. वर्गातली मुलं तो सोडवतात, आपण बरोबरची खूण करतो आणि पुढच्या उदाहरणाकडे वळतो.

महाराष्ट्रातल्या एका शाळामास्तरांनी हाच प्रश्न सोडवला, पण ते उत्तरापाशी थांबले नाहीत. आलेल्या उत्तरातले अंक घेऊन त्यांनी तीच कृती पुन्हा केली. मग पुन्हा, मग परत एकदा. या 'पुन्हा'मुळे त्यांचं नाव आज जगभरच्या गणिताच्या पुस्तकांत आहे. ते शिक्षक म्हणजे दत्तात्रेय रामचंद्र कापरेकर. आजच्या पाठात त्यांचं आयुष्य बघू या, आणि त्यांनी वापरलेली ती साधी कृती नेमकी का चालते, हेही समजून घेऊ या. कारण कृती पाठ करून घेणं आणि कृतीमागचं कारण कळणं, यात फरक आहे.

जन्म आणि बालपण

कापरेकरांचा जन्म १७ जानेवारी १९०५ रोजी डहाणू येथे झाला. तेव्हा डहाणू ठाणे जिल्ह्यात होतं, आज ते पालघर जिल्ह्यात येतं. ते आठ वर्षांचे असताना आई वारली. पुढे वडिलांनीच त्यांना वाढवलं. वडील कारकून होते आणि त्यांना ज्योतिषाचा नाद होता. ज्योतिष खरं की खोटं हा प्रश्न आपण बाजूला ठेवू. पण पत्रिका मांडायची म्हणजे आकडेमोड आलीच. घरात सतत आकडेमोड चाललेली असायची आणि त्यातून मुलाला आकड्यांची गोडी लागली.

पालकांनी इथे एक गोष्ट लक्षात घ्यावी. या घरात गणिताची शिकवणी नव्हती. घरातलं मोठं माणूस मन लावून आकडेमोड करत होतं आणि मूल ते बघत होतं, इतकंच. आपल्याकडे हळदीच्या पट्टीवर वजन, भाव आणि हमाली यांचा हिशेब करणारे आजोबा असतील, तर त्यांच्या शेजारी बसणारं मूलही गणितच शिकत असतं.

कापरेकरांचं शालेय शिक्षण ठाण्याला झालं. कोडी सोडवणं, सोप्या रीती शोधणं हा त्यांचा आवडता उद्योग होता. पुढे ते पुण्याच्या फर्ग्युसन महाविद्यालयात गेले. तिथे शिकत असतानाच, १९२७ मध्ये, त्यांना रँग्लर र. पु. परांजपे गणित पारितोषिक मिळालं. स्वतंत्र गणिती लेखनासाठी विद्यार्थ्याला दिला जाणारा हा सन्मान होता. ज्यांच्या नावाने हे पारितोषिक होतं ते परांजपे केंब्रिजला सीनियर रँग्लर झालेले पहिले भारतीय. तेव्हा हे बक्षीस साधं नव्हतं.

१९२९ मध्ये कापरेकर मुंबई विद्यापीठाचे बी.एस्सी. झाले. त्यांचं औपचारिक शिक्षण इथे संपलं. एम.एस्सी. नाही, पीएच.डी. नाही. पुढे आयुष्यभर ही गोष्ट त्यांच्या वाटेत आडवी आली.

देवळालीचे मास्तर

१९३० पासून नाशिकजवळच्या देवळालीत ते शाळाशिक्षक म्हणून काम करू लागले आणि १९६२ मध्ये तिथूनच निवृत्त झाले. म्हणजे बत्तीस वर्षं नोकरी. दिवसभर वर्ग, वह्या, परीक्षा. उरलेल्या वेळात अंकांचे खेळ. आसपासच्या महाविद्यालयांतून त्यांना व्याख्यानाला बोलावणं यायचं. गणिताच्या परिषदांना ते जायचे. छोट्या छोट्या पुस्तिका स्वतःच छापून घ्यायचे. त्यांचं अंकांचं वेड पाहून लोक त्यांना 'गणितानंद' म्हणू लागले.

पण मोठ्या गणितज्ञांनी त्यांना फारसं मनावर घेतलं नाही. त्यांचं काम म्हणजे करमणूक, त्यात खोल असं काही नाही, असं पुष्कळांना वाटायचं. त्यांचे लेख बऱ्याचदा लहानसहान नियतकालिकांतच छापून यायचे. पदवी कमी, पद शाळामास्तराचं आणि विषय कुणालाही समजेल इतका सोपा. तिन्ही गोष्टी त्यांच्या विरुद्ध गेल्या.

आपल्या पेशातल्या माणसाला हे फार ओळखीचं वाटेल. जे सोपं दिसतं ते हलकं असतं, असा समज सगळीकडे असतो. पहिलीला शिकवणं सोपं, म्हणून पहिलीचा शिक्षक कमी महत्त्वाचा, असं आजही बोललं जातंच की! कापरेकरांनी या समजाशी कधी वाद घातला की नाही, त्यापेक्षा ते रोज काय करत राहिले हे मला महत्त्वाचं वाटतं. ते रोज अंक मांडत राहिले.

आता ती कृती करून बघू

वही-पेन घ्या. कोणतीही चार अंकी संख्या लिहा. चारही अंक सारखे नकोत, एवढी एकच अट. आपण कापरेकरांचं जन्मवर्षच घेऊ : १९०५.

अंक उतरत्या क्रमाने लावा : ९५१०. चढत्या क्रमाने लावा : ०१५९. मोठीतून लहान वजा करा. उत्तराचे अंक घेऊन पुन्हा तेच करा.

९५१० − ०१५९ = ९३५१
९५३१ − १३५९ = ८१७२
८७२१ − १२७८ = ७४४३
७४४३ − ३४४७ = ३९९६
९९६३ − ३६९९ = ६२६४
६६४२ − २४६६ = ४१७६
७६४१ − १४६७ = ६१७४

आता ६१७४ वर तीच कृती करा. अंक पुन्हा ७, ६, ४, १ हेच. ७६४१ − १४६७ = ६१७४. संख्या जागची हलतच नाही! पुढे कितीही वेळा करा, ६१७४ च येणार.

तुम्ही दुसरी संख्या घ्या. आपला हिंगोली जिल्हा परभणीतून वेगळा झाला ते वर्ष १९९९. ते घेऊन बघा : ९९९१ − १९९९ = ७९९२, मग ७१७३, मग ६३५४, मग ३०८७, मग ८३५२ आणि सहाव्या पायरीला ६१७४. कोणतीही संख्या घेतली तरी जास्तीत जास्त सात पायऱ्यांत ६१७४ येतेच. योगायोग असा, की १९०५ ला बरोबर सातही पायऱ्या लागतात.

कापरेकरांना हे १९४६ मध्ये सापडलं. १९४९ मध्ये मद्रासच्या गणित परिषदेत त्यांनी ते मांडलं आणि १९५५ मध्ये 'स्क्रिप्टा मॅथेमॅटिका' या नियतकालिकात त्यावर त्यांचा लेख आला. आज ६१७४ ला 'कापरेकर स्थिरांक' म्हणतात. गणकयंत्र नाही, संगणक नाही. फक्त कागद, पेन्सिल आणि पुन्हा पुन्हा केलेली वजाबाकी.

हावरट पद्धत म्हणजे काय?

आता जरा कृतीच्या आत शिरू. चार अंकांपासून मोठ्यात मोठी संख्या कशी करतो? सगळ्यांत मोठा अंक उचलतो आणि पहिल्या जागी ठेवतो. उरलेल्यांतला मोठा दुसऱ्या जागी. मग तिसऱ्या, मग चौथ्या. प्रत्येक वेळी समोर दिसेल ते सगळ्यांत चांगलं उचलायचं, मागे वळून बघायचं नाही, ठेवलेलं बदलायचं नाही.

संगणक शिकणारी मुलं या रीतीला 'ग्रीडी अल्गोरिदम' म्हणतात. आपल्या भाषेत हावरट पद्धत. अल्गोरिदम म्हणजे पायरीपायरीने करायची ठरलेली कृती. अक्षरं किंवा अंक ओळीने मांडले की त्या माळेला ते 'स्ट्रिंग' म्हणतात. अंकांची माळ दिली आहे, ती अशी लावा की मोठ्यात मोठी संख्या होईल, हा कोडिंग शिकणाऱ्यांना सुरुवातीला मिळणाऱ्या प्रश्नांपैकी एक. राष्ट्रीय शैक्षणिक धोरण २०२० मध्ये उच्च प्राथमिक टप्प्यावर कोडिंग आणण्याची गोष्ट आहे. पण बघा, आपली तिसरी-चौथीची मुलं संगणकाशिवाय तेच करत असतात.

प्रश्न असा, की ही हावरट पद्धत बरोबर कशी? आधी मोठा अंक ठेवला आणि नंतर पस्तावलो, असं का होत नाही?

उत्तर आपल्या रोजच्या धड्यात आहे : स्थानिक किंमत. हजाराच्या जागी एकाने जरी जास्त अंक आला, तरी संख्या १००० ने वाढते. पुढच्या तिन्ही जागा मिळून जास्तीत जास्त ९९९ होतात. म्हणजे हजाराच्या जागी झालेलं नुकसान शतक, दशक आणि एकक तिघं मिळूनही भरून काढू शकत नाहीत. म्हणून पहिल्या जागी मोठा अंक ठेवल्याचा पस्तावा कधीच होत नाही. हाच नियम पुढच्या जागांनाही लागू. शतकाचं नुकसान दशक-एकक मिळून भरत नाही, कारण ते फार तर ९९ होतात.

मुलांना 'मोठा अंक आधी' हा नियम आपण सांगतोच. सोबत हे कारणही सांगा. कारण सांगितलं नाही, तर मूल हाच नियम चुकीच्या जागी लावतं.

हावरटपणा कुठे फसतो?

फसतो कसा, त्याची दोन उदाहरणं देतो. दोन्ही वर्गात करण्यासारखी आहेत.

पहिलं उदाहरण कार्डांचं. या वेळी कार्डांवर एक अंक नसून पूर्ण संख्या आहेत : ५, ५० आणि ५६. कार्डं शेजारी शेजारी ठेवून मोठ्यात मोठी संख्या करायची. मूल म्हणेल, मोठी संख्या आधी. ५६, मग ५०, मग ५. झाली ५६५०५. पण ५६, ५, ५० असं लावलं तर ५६५५० होते आणि ती मोठी आहे. म्हणजे 'मोठी संख्या आधी' हा नियम इथे फसला. बरोबर नियम वेगळा आहे : दोन कार्डं घ्या, दोन्ही बाजूंनी जोडून बघा, ज्या क्रमाने मोठी संख्या येते तो क्रम ठेवा. ५ आणि ५० जोडले तर ५५० किंवा ५०५. ५५० मोठी, म्हणून ५ आधी.

दुसरं उदाहरण नाण्यांचं. आठवडी बाजारात दुकानदार १८ रुपये परत देताना दहाचं, पाचचं, दोनचं आणि एकचं नाणं काढतो. मोठं नाणं आधी, चार नाण्यांत काम होतं. आपल्या नाण्यांना ही पद्धत बरोबर लागू पडते. पण समजा, एखाद्या गावात १, ३ आणि ४ रुपयांचीच नाणी असती, तर ६ रुपये कसे दिले असते? हावरट पद्धतीने आधी ४, मग १, मग १. तीन नाणी. खरं तर ३ आणि ३ अशा दोन नाण्यांत भागतं. इथे आधी मोठं उचलल्याचा पस्तावा झाला.

तेव्हा नियम कुठे चालतो आणि कुठे नाही, हे कारणावरून ठरतं. कापरेकरांची कृती एकेका अंकाची आहे, तिथे स्थानिक किंमत पाठीशी उभी आहे, म्हणून ती बिनचूक चालते.

शून्याची गंमत

मुलांकडून ही कृती करून घेताना एका ठिकाणी घोळ होतो, तो आधीच सांगून ठेवतो. २१११ घ्या. २१११ − १११२ = ९९९. मूल ९९९ लिहितं, तिन्ही अंक सारखे, वजाबाकी केली की शून्य. मूल म्हणतं, सर, ६१७४ आलंच नाही!

इथे उत्तर ०९९९ असं चार अंकांत लिहायचं. मग ९९९० − ०९९९ = ८९९१, पुढे ८०८२, ८५३२ आणि ६१७४. संख्या म्हणून ९९९ आणि ०९९९ एकच आहेत, पण अंकांची माळ म्हणून वेगळ्या आहेत. एकीत तीन मणी, दुसरीत चार. कापरेकरांची कृती माळेवर चालते, म्हणून शून्याचा मणी टाकून चालत नाही.

अजून एक. आपल्या पाठ्यपुस्तकात २, ०, २, ५ पासून लहानात लहान चार अंकी संख्या विचारली तर उत्तर २०२५ असतं, कारण शून्य पहिल्या जागी चालत नाही. कापरेकरांच्या कृतीत मात्र ०२२५ घ्यायची. दोन्ही ठिकाणच्या अटी वेगळ्या आहेत हे मुलांना स्पष्ट सांगा, नाहीतर शिष्यवृत्तीच्या पेपरात गडबड होईल.

सातच पायऱ्या का पुरतात?

चार अंकांच्या एकूण माळा १०,०००. त्यातून चारही अंक सारखे असलेल्या दहा काढल्या की ९,९९० उरतात. या सगळ्या एकाच संख्येपाशी येतात हे हाताने तपासायचं म्हटलं तर जन्म जाईल, नाही का? पण थोडा विचार केला तर काम फार कमी होतं.

उतरत्या क्रमाने लावलेल्या अंकांत पहिला आणि चौथा यांतला फरक काढा. दुसरा आणि तिसरा यांतला फरक काढा. पहिल्या फरकाला ९९९ ने गुणा, दुसऱ्याला ९० ने गुणा आणि बेरीज करा. वजाबाकीचं उत्तर तेच येतं. ७६४१ घेऊन बघा : ७ वजा १ म्हणजे ६, ६ वजा ४ म्हणजे २. ९९९ × ६ = ५९९४, ९० × २ = १८०, बेरीज ६१७४.

म्हणजे उत्तर फक्त या दोन फरकांवर ठरतं. पहिला फरक १ ते ९ यांतला कोणताही, दुसरा फरक शून्यापासून पहिल्या फरकाइतका. अशा जोड्या मोजल्या तर फक्त ५४ होतात. पहिल्याच पायरीला ९,९९० माळा ५४ उत्तरांत गोळा होतात! ही ५४ उत्तरं एका रविवारी कागदावर तपासता येतात. आठवीच्या मुलांना हे बीजगणितात मांडायला द्या, त्यांना मजा येईल.

यातून शिक्षकांच्या कामाची आणखी एक गोष्ट हाती लागते. ९९९ आणि ९० दोन्हींना ९ ने भाग जातो, म्हणून प्रत्येक उत्तराला ९ ने भाग जातोच. नीट बघितलं तर उत्तरातल्या चार अंकांची बेरीज नेहमी १८ किंवा २७ च येते. मधले दोन अंक सारखे असतील तर २७, नसतील तर १८. वर आलेलं ९३५१ बघा : ९ + ३ + ५ + १ = १८. ७४४३ मध्ये मधले दोन्ही अंक ४, तिथून आलं ३९९६, बेरीज २७. मुलाची बेरीज १९ आली, तर समजायचं की उसना घेताना कुठेतरी चुकलं. मूल आपली वही स्वतःच तपासू शकतं. प्रत्येक चूक यात सापडेल असं नाही, पण बहुतेक सापडतात. चाळीस वह्या तपासणाऱ्या माणसाला याची किंमत कळेल.

त्यांचे आणखी खेळ

कापरेकरांनी इतरही अनेक संख्या शोधल्या आणि त्यांना आपल्या मातीतली नावं दिली.

ज्या संख्येला तिच्याच अंकांच्या बेरजेने भाग जातो, तिला त्यांनी 'हर्षद' म्हटलं, म्हणजे आनंद देणारी. १२ घ्या, अंकांची बेरीज ३, भाग जातो. ६१७४ सुद्धा हर्षद आहे : बेरीज १८ आणि ६१७४ ÷ १८ = ३४३. हे ३४३ म्हणजे ७ चा घन.

एखाद्या संख्येत तिचेच अंक मिळवले की नवी संख्या जन्मते. १५ मध्ये १ आणि ५ मिळवले की २१. पण २० ही संख्या अशी कोणत्याच संख्येपासून जन्मत नाही. अशा संख्यांना त्यांनी 'स्वयंभू' म्हटलं. आपल्या गावाच्या नावावरून त्यांना 'देवळाली संख्या' असंही म्हटलं जातं.

४५ चा वर्ग २०२५. त्याचे दोन तुकडे करा, २० आणि २५. बेरीज पुन्हा ४५. अशा संख्यांना आज 'कापरेकर संख्या' म्हणतात. ५५ आणि २९७ या आणखी दोन. ५५ चा वर्ग ३०२५, ३० आणि २५ मिळून ५५. २९७ चा वर्ग ८८२०९, ८८ आणि २०९ मिळून २९७.

'डेम्लो' हे नाव तर रेल्वे स्टेशनावरून आलं. मुंबईजवळच्या आजच्या डोंबिवलीच्या परिसरातल्या या स्टेशनावर त्यांना ही कल्पना सुचली, म्हणून तेच नाव दिलं. १११ चा वर्ग १२३२१, ११११ चा वर्ग १२३४३२१, या डेम्लो संख्या. गाडीची वाट बघतानाही माणसाच्या डोक्यात वर्ग चाललेले!

उशिरा मिळालेली ओळख

१९६२ मध्ये निवृत्ती आली. १९६६ मध्ये पत्नीचं निधन झालं. पेन्शनवर भागेना, म्हणून ते गणित आणि विज्ञानाच्या शिकवण्या घेऊ लागले. संशोधन चालूच होतं.

मार्च १९७५ मध्ये अमेरिकेतल्या 'सायंटिफिक अमेरिकन' या मासिकात मार्टिन गार्डनर यांनी आपल्या गणिती खेळांच्या सदरात कापरेकरांच्या कामाबद्दल लिहिलं. गार्डनर यांचं सदर जगभर वाचलं जायचं. त्यानंतर कापरेकरांचं नाव सर्वत्र पोहोचलं. तेव्हा त्यांचं वय सत्तर होतं. ज्या कामाला इथे खेळ म्हणून बाजूला ठेवलं गेलं, त्यावर पुढे देशोदेशीच्या गणितज्ञांनी लेख लिहिले. तीन अंकांना ४९५ हा स्थिरांक मिळतो, दोन अंकी संख्या ९, ८१, ६३, २७, ४५ अशा फेऱ्यात फिरत राहतात. पाच अंकांना एकही स्थिरांक नाही, तिथे संख्या वेगवेगळ्या फेऱ्यांत अडकतात. ५३९५५ आणि ५९९९४ या दोघी तर एकमेकींकडेच जात-येत राहतात. हे सगळे प्रश्न त्या एका साध्या कृतीतून निघाले.

१९८६ मध्ये देवळालीतच कापरेकरांचं निधन झालं. शेवटपर्यंत ते शाळामास्तर म्हणूनच ओळखले गेले, आणि त्यात कमीपणा वाटावा असं काहीच नाही.

वर्गात कसं घ्याल?

मोठी तयारी लागत नाही. ० ते ९ अंककार्डांचे दोन-तीन संच पुरेत. मुलांचे चार-चारचे गट करा. शाळेबाहेर दिसणाऱ्या एमएच ३८ च्या गाड्यांवरचे चार अंकी क्रमांक मुलांनी टिपून आणावेत. प्रत्येक गटाने एक क्रमांक घेऊन ६१७४ पर्यंत जावं. कोणाला किती पायऱ्या लागल्या, ते फळ्यावर लिहा. सात पायऱ्यांचा क्रमांक कोण शोधतो, अशी चढाओढ लावा. हातच्याच्या वजाबाकीचा सराव आपोआप होतो, कुरकुर न करता. तिसरीच्या मुलांना तीन अंक द्या, त्यांना ४९५ सापडेल.

पालकांनी घरीही करून बघावं. मोबाइल क्रमांकाचे शेवटचे चार अंक घेतले तरी चालतात.

करून घेताना दोन प्रश्न मात्र नक्की विचारा. मोठा अंक आधीच का ठेवला? आणि उत्तर आल्यावर पुढे काय करता येईल? पहिला प्रश्न कारणाचा आहे, दुसरा कापरेकरांचा. आपल्या वर्गात एखादं मूल उदाहरण संपल्यावरही त्याच आकड्यांशी काहीतरी करत बसलेलं असतं. वेळ वाया घालवतोय म्हणून आपण त्याला पुढच्या उदाहरणाकडे ओढतो. अभ्यासक्रम पुरा करायचा असतो, तेही खरंच आहे. तरी एकदा त्याच्या वहीत वाकून बघा. पाच मिनिटं द्या. ते नुसतं रेघोट्या ओढत असेल, किंवा त्याने त्या उत्तरावर तीच कृती पुन्हा केलेली असेल.

तुमच्या वर्गात सात पायऱ्यांची कोणकोणती संख्या सापडली, ते जरूर कळवा.